विज्ञानकथेतील वैमानिकाचा पोशाख घरच्या सामानातून कसा तयार करतात?

स्नेहसंमेलनाची तारीख जाहीर झाली की घरोघरी वेशभूषा स्पर्धेचा विषय निघतो. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, शेतकरी, डॉक्टर हे नेहमीचे वेश. त्यांच्या जोडीला आता अंतराळवीर आणि अवकाशयानाचा वैमानिकही असतो. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन यांमुळे शाळांना त्यासाठी निमित्तही मिळते. भाड्याचा किंवा तयार पोशाख बहुतेक वेळा चकचकीत पांढऱ्या कापडाचा असतो, मापाला कसाबसा बसतो आणि सगळ्या मुलांवर सारखाच दिसतो. त्याचे भाडे प्रत्येक घराला परवडतेच असे नाही.

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरच्या सुप्यासारख्या गावात हा पोशाख घरी करणे तुलनेने सोपे आहे. पारनेर तालुक्यातील हे गाव एका बाजूने शेतीचे आणि दुसऱ्या बाजूने एमआयडीसीचे. कारखान्यात कामाला जाणाऱ्यांच्या घरात बॉयलर सूट, चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि गमबूट असतात. शेतकऱ्याच्या घरात ठिबकची उरलेली नळी, मल्चिंग पेपरचा तुकडा आणि कांद्याच्या जाळीदार गोण्या सापडतात. पोशाखाचे अर्धे सामान यातूनच निघते.

मात्र सामान जमवण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे उपयोगाचे ठरते. वैमानिकाच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कोणत्या तरी कामासाठी असते. ते काम माहीत असले, तर पुठ्ठ्याची पेटीही खरी वाटते. माहीत नसले, तर महागडा पोशाखही नुसती सजावट दिसतो.

खऱ्या पोशाखात काय असते?

जमिनीपासून वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. साधारण १९ किलोमीटर उंचीवर तो इतका कमी असतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागते. म्हणून अवकाशयानाच्या वैमानिकाला हवाबंद पोशाख लागतो. यानातली हवा निघून गेली, तरी पोशाखाच्या आत दाब टिकून राहतो.

याची किंमत जगाला १९७१ मध्ये कळली. जून महिन्यात सोव्हिएत संघाचे सोयूझ-११ यान परतत असताना एक झडप अवेळी उघडली आणि कुपीतली हवा निघून गेली. तिन्ही अंतराळवीरांच्या अंगावर दाबाचे पोशाख नव्हते. तिघांचाही मृत्यू झाला. त्यानंतर १९७३ पासून सोयूझमध्ये 'सोकोल' नावाचा हवाबंद पोशाख वापरात आला. ३ एप्रिल १९८४ रोजी अंतराळात गेलेले भारतीय हवाई दलाचे वैमानिक राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून गेले, तेव्हा त्यांच्या अंगावरही सोकोलच होता.

पोशाखाचा रंगही सहज निवडलेला नसतो.

• चंदेरी: अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमांतील पोशाखांच्या कापडावर ॲल्युमिनियमचा थर होता. तो उष्णता परतवतो. जुन्या विज्ञानपटांतले चंदेरी कपडे लोकांच्या मनात पक्के झाले ते याच काळात.

• नारिंगी: १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर अमेरिकी स्पेस शटलच्या अंतराळवीरांना उड्डाण आणि परतीच्या वेळी दाबाचे नारिंगी पोशाख देण्यात आले. समुद्रात उतरावे लागले, तर निळ्या पाण्यावर हा रंग लांबून दिसतो.

• पांढरा: यानाबाहेर पडताना घालायचा पोशाख पांढरा असतो, कारण तो सूर्यप्रकाश परतवतो.

अंतराळातल्या पोशाखाचे शिवणकामाशीही जुने नाते आहे. चंद्रावर गेलेल्या अपोलो अंतराळवीरांचे पोशाख ज्या कंपनीने केले, ती स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या महिलांनी मशीनवर बसून एकावर एक अनेक थर जोडले. घरातल्या शिलाई मशीनवर वैमानिकाचा पोशाख करणे ही म्हणूनच अगदीच विचित्र कल्पना नाही.

सिनेमा आणि खरे अंतराळ यांतली देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. २५ जून २०२५ रोजी ॲक्सिऑम-४ मोहिमेचे वैमानिक म्हणून निघालेले ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांच्या अंगावर स्पेसएक्सचा काळा-पांढरा पोशाख होता. त्या पोशाखाचे मूळ रूप होजे फर्नांडिस या हॉलिवूडमधल्या वेशभूषाकाराने ठरवले आणि नंतर अभियंत्यांनी तो काम करील असा बनवला. उलट, १९७७ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाचे वेशभूषाकार जॉन मोलो हे सैनिकी गणवेशांचे जाणकार होते. त्यांच्या बंडखोर वैमानिकांचे नारिंगी पोशाख खऱ्या लढाऊ वैमानिकांसारखे दिसतात. या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

घरगुती वस्तूंचा वापर तर त्या चित्रपटांनीही केला. ल्यूक स्कायवॉकरच्या प्रकाश-तलवारीची मूठ म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. १९९९ च्या भागात एका पात्राच्या हातातले संपर्कयंत्र दाढीच्या रेझरच्या दांड्यापासून केले होते.

आधी पात्र ठरवावे

कापण्या-चिकटवण्याआधी घरात बसून तीन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत. वैमानिक कोणते यान चालवतो? तो कुठे निघाला आहे? त्याच्या अंगावर नारिंगी, चंदेरी की पांढरा रंग असेल, आणि का?

पात्र परदेशी चित्रपटातलेच हवे असे नाही. मराठीत विज्ञानकथेची स्वतःची परंपरा आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. मुलाने स्वतःच्या मनाने एखादे यान आणि त्याचा प्रवास रचला, तर पोशाखाला गोष्ट मिळते. छातीवर देवनागरीत नाव आणि बाहीवर गावाचा बिल्ला असलेला वैमानिक गर्दीत वेगळाच उठून दिसतो.

लागणारे सामान

• अंगातला सूट: जुना बॉयलर सूट, किंवा एकाच रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि ट्रॅक पँट
• हेल्मेट: मोठा फुगा, वर्तमानपत्रे, कोरा पांढरा कागद, मैदा, मेथीची पूड
• छातीवरची आणि पाठीवरची पेटी: बिस्किटांचे किंवा बुटांचे खोके, जाड पुठ्ठा
• नळ्या: ठिबकची न वापरलेली नळी, वॉशिंग मशीनची जुनी पण धुतलेली लवचीक नळी
• बटणे आणि खटके: बाटल्यांची झाकणे, जुन्या रिमोटची बटणे, पेनाची टोपणे, बिघडलेला कॅल्क्युलेटर
• पट्टे: जुन्या दप्तराचे पट्टे आणि बकले, वेल्क्रो, इलॅस्टिक
• चंदेरी भाग: नव्या मल्चिंग पेपरची उरलेली पट्टी, चिवड्याच्या पाकिटाची आतली बाजू
• पोत: कांद्याच्या गोणीची जाळी, भांडी घासायचा स्पंज, जुनी योगा मॅट
• चिकटवण्यासाठी: पांढरा फेव्हिकॉल, कापडी टेप, सुई-दोरा

शेतातल्या सामानाबाबत एक पथ्य कडक पाळावे. फवारणीचा पंप पाठीवर अडकवला की तो हुबेहूब प्राणवायूच्या टाकीसारखा दिसतो आणि म्हणूनच त्याचा मोह होतो. पण पंप, त्याची नळी, कीटकनाशकाचे डबे किंवा बाटल्या मुलाच्या अंगावर कधीही वापरू नयेत. कितीही धुतले तरी औषधाचा अंश राहू शकतो. खतासोबत किंवा औषधासोबत वापरलेली ठिबकची नळीही नको, न वापरलेला तुकडाच घ्यावा. वापरलेल्या सलाईनच्या नळ्याही याच कारणाने वर्ज्य आहेत.

माप कसे घ्यावे?

मापे मुलाने नेहमीचे कपडे घातलेले असताना घ्यावीत, कारण सूट त्यावरून घालायचा असतो. पाच मापे पुरतात: छातीचा घेर, खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी, कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी, कपाळावरून घेतलेला डोक्याचा घेर आणि मांडीचा घेर. छातीच्या मापात १० ते १२ सेंटिमीटर सैलपणा ठेवावा. मुलाला मांडी घालून बसता आले पाहिजे आणि दोन्ही हात सरळ वर करता आले पाहिजेत.

पायरी १: सूट

मोठ्या माणसाचा बॉयलर सूट मुलासाठी कापण्याची गरज नसते. बाह्या आणि पायांचा भाग आत दुमडून कच्चे टाके घालावेत. कमरेला मागच्या बाजूने दोन चुण्या घेऊन त्यावर पट्टा बांधावा. कार्यक्रम झाल्यावर टाके उसवले की सूट पुन्हा कामावर नेता येतो. तेलाचे किंवा रसायनांचे डाग असलेला सूट मात्र घेऊ नये.

बॉयलर सूट नसेल, तर एकाच रंगाचा शर्ट आणि पँट कमरेपाशी टाक्यांनी जोडून वरून रुंद पट्टा लावावा. सांधा झाकला जातो. पुढे चेन लावणे अवघड वाटत असेल, तर गळ्यापासून कमरेपर्यंत चार ठिकाणी वेल्क्रो लावून वर कापडी पट्टी शिवावी.

दप्तराचे दोन पट्टे खांद्यावरून आणून छातीपाशी एकत्र बांधावेत. हा आसनाचा पट्टा. यान हादरले तरी वैमानिक खुर्चीला घट्ट राहावा, हे त्याचे काम. लढाऊ विमानाच्या वैमानिकाच्या पायांभोवती आणखी एक पोशाख असतो. विमान वेगाने वळताना रक्त पायांकडे उतरते आणि भोवळ येऊ शकते, म्हणून त्या पोशाखातल्या हवेच्या पिशव्या फुगून पाय आणि पोट दाबतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूला योगा मॅटच्या तीन आडव्या पट्ट्या शिवल्या की तो परिणाम साधतो.

पायरी २: हेल्मेट

हेल्मेटसाठी कागदाचे थर ही सर्वांत स्वस्त आणि हलकी पद्धत आहे. महाराष्ट्राला ती नवी नाही. जव्हार-मोखाडा आणि नाशिकच्या आदिवासी भागात बोहाड्याच्या उत्सवात नाचवले जाणारे मुखवटे कागदाच्या लगद्यापासूनही करतात. कागदाच्या लगद्यात मेथी मिसळून टोपल्या करण्याची घरगुती रीतही जुनी आहे. मेथीने चिकटपणा येतो आणि किडीला अटकाव होतो.

१. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा. मंद आचेवर शिजवून खळ करावी. गार झाल्यावर त्यात एक चमचा मेथीची पूड घालावी. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असल्याने मुलाच्या वस्तूत घालू नये.

२. डोक्याच्या घेरापेक्षा १० सेंटिमीटर जास्त घेर होईल इतका फुगा फुगवावा. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी हा घेर साधारण ६२ ते ६४ सेंटिमीटर येतो. फुगा पातेल्यावर ठेवला म्हणजे हलत नाही.

३. कागदाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडाव्यात, कापू नयेत. फाटलेली कड एकमेकींत चांगली मिसळते. पट्ट्या खळीत बुडवून फुग्याच्या वरच्या दोन-तृतीयांश भागावर लावाव्यात.

४. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा कोऱ्या कागदाचा असे सहा थर द्यावेत. रंग वेगळा असल्याने कुठे जागा राहिली ते लगेच कळते. दर दोन थरांनंतर सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्यावे. घाई केल्यास आत बुरशी येते.

५. फुगा फोडून काढावा. कपाळापासून खाली चेहऱ्याचा पूर्ण भाग आणि मानेचा भाग कापून टाकावा. हेल्मेट कपाळ, कान आणि मागचे डोके झाकते. चेहरा मोकळा राहतो. कडांना कापडी टेप लावावा.

६. कानांच्या जागी दोन-तीन भोके पाडावीत, म्हणजे मुलाला सूचना ऐकू येतात. त्यावर श्रीखंडाच्या डब्यांची भोके पाडलेली झाकणे चिकटवावीत. हे कर्णयंत्र.

७. आतून कपाळ, डोक्याचा माथा आणि मागची बाजू अशा तीन ठिकाणी स्पंज चिकटवावा. हनुवटीखालचा पट्टा गाठीचा न करता वेल्क्रोचा करावा. ओढताच सुटला पाहिजे.

पुढची काच म्हणजे दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीची ९ सेंटिमीटर रुंद पट्टी. तिच्या कडांना टेप लावून ती हेल्मेटवर वर उचललेल्या अवस्थेतच पक्की करावी. खऱ्या हेल्मेटचीही काच वर-खाली होते, त्यामुळे हे खोटे दिसत नाही. नाका-तोंडासमोर काहीही येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. जुन्या एक्स-रे फिल्मची काच काहीजण करतात. तिच्यातून नीट दिसत नाही आणि तिच्यातून सूर्याकडे पाहणे डोळ्यांना घातक असते, म्हणून ती टाळलेली बरी.

पायरी ३: छातीवरची पेटी आणि मनगटावरचा आरसा

परीक्षकांचे लक्ष वेधणारी वस्तू बहुधा हीच ठरते. साधारण १५ बाय १० सेंटिमीटरचे, पाच सेंटिमीटर जाडीचे खोके घ्यावे. त्यावर झाकणे, रिमोटची बटणे आणि कॅल्क्युलेटरचा दर्शनी भाग लावावा. मागे वेल्क्रोच्या पट्ट्या लावून ते छातीवरच्या पट्ट्यांना जोडावे.

आता त्यावर काय लिहायचे? यानाबाहेर काम करणाऱ्या अमेरिकी अंतराळवीराला फुगलेल्या पोशाखामुळे मान खाली करून छातीवरच्या खुणा वाचता येत नाहीत. म्हणून त्याच्या मनगटावर छोटा आरसा असतो आणि पेटीवरची अक्षरे उलटी छापलेली असतात. आरशात ती सुलटी दिसतात.

घरी हे सहज करता येते. पातळ कागदावर 'हवा', 'दाब', 'पाणी', 'ताप' असे शब्द ठळक लिहावेत. कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरावा आणि मागून दिसणारी उलटी अक्षरे गिरवावीत. तो कागद पेटीवर चिकटवावा. मनगटावर काचेचा आरसा न लावता चकचकीत स्टीलच्या डबीचे गोल झाकण इलॅस्टिकवर बसवावे. मंचावर मुलाने मनगट वळवून पेटी 'वाचून' दाखवली, की प्रेक्षकांना सांगावे लागत नाही.

दिवा लावायचा असेल, तर स्क्रूने बंद होणारा साधा बॅटरीचा दिवा घ्यावा. बटणासारखे चपटे सेल लहान मुलांनी गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर जखम होते, त्यामुळे ते उघडे राहतील अशी खेळणी वापरू नयेत.

पायरी ४: नळ्या, पाठीवरची पेटी आणि हातातला डबा

नळी कुठून निघते आणि कुठे जाते हे ठरलेले असावे. नुसती लोंबणारी नळी पायात येते आणि निरर्थक दिसते. ठिबकची १६ मिलिमीटरची नळी छातीवरच्या पेटीतून निघून कमरेवरून पाठीकडे जावी. हा श्वासाच्या हवेचा मार्ग. स्पेसएक्सच्या पोशाखात हवा, संपर्क आणि वीज यांची जोडणी मांडीवर एकाच ठिकाणी असते. तसे करायचे असल्यास उजव्या मांडीवर मोठ्या बरणीचे झाकण शिवून नळी तिथे संपवावी. नळी कधीही गळ्याभोवती नेऊ नये.

पाठीवरची पेटी बुटांच्या खोक्याची करावी. कांद्याच्या गोणीची जाळी ताणून लावली की ती हवा आत घेणाऱ्या झरोक्यासारखी दिसते. पेटीत जड काही ठेवू नये.

हातातला डबा मात्र विसरू नये. अग्निबाणाकडे चालत जाणाऱ्या सोयूझच्या अंतराळवीरांच्या हातात एक छोटी पेटी दिसते. अनेकांना ती सामानाची बॅग वाटते. प्रत्यक्षात ती पंख्याची पेटी असते. हवाबंद पोशाखात माणूस घामाघूम होतो, म्हणून यानात बसेपर्यंत ती आत हवा खेळती ठेवते. घरातल्या जेवणाच्या डब्याला पांढरा कागद गुंडाळून आणि त्यातून एक छोटी नळी कमरेपर्यंत नेऊन ही पेटी होते. त्यात पिण्याच्या पाण्याची बाटली ठेवावी. म्हणजे डबा खराही कामाचा होतो.

पायरी ५: हात, पाय आणि बिल्ला

हातमोजे थंडीतले किंवा बागकामाचे चालतात. बोटांच्या सांध्यांवर स्पंजचे छोटे तुकडे शिवावेत. गमबुटांना घोट्यापाशी चंदेरी पट्टी लावावी. मुलाच्या पायाला मोठे होणारे बूट मात्र घालू नयेत, मंचाच्या पायऱ्यांवर त्यांनी पडायला होते. त्याऐवजी शाळेच्या बुटांवर कापडी नळकांडी घालावीत.

डाव्या मांडीवर इलॅस्टिकने पुठ्ठ्याची छोटी पाटी बांधावी आणि तिला दोरीने पेन्सिल अडकवावी. खरे वैमानिक अशाच पाटीवर नकाशा आणि कामांची यादी ठेवतात. मुलाचे मंचावर बोलायचे मुद्देही तिथेच लिहिता येतात. पाठ केलेले विसरले, तर खाली पाहणे हा अभिनयाचाच भाग दिसतो.

बाहीवरचा बिल्ला मोहिमेची ओळख सांगतो. प्रत्येक अंतराळ मोहिमेचा स्वतंत्र बिल्ला असतो. सुप्याच्या परिसरातल्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. गोल कापडावर पवनचक्कीची तीन पाती, वर तारे आणि खाली गावाचे नाव इतके भरतकाम केले, तर बिल्ला तयार होतो.

रंग आणि जुनेपणा

घरगुती पोशाख खेळण्यासारखा दिसतो तो बहुधा रंग कोरा करकरीत असल्यामुळे. 'स्टार वॉर्स'चे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्यांच्या विश्वातल्या वस्तू मुद्दाम वापरलेल्या, मळलेल्या दाखवल्या. त्यामुळे त्या खऱ्या वाटल्या. पेटीला आधी गडद करडा रंग द्यावा. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर थोडा चंदेरी रंग ओढावा. कडा घासून धातू उघडा पडल्यासारखा दिसतो. सुती कापडाच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर चहाचे पाणी टिपले की वापराच्या खुणा येतात. उसना घेतलेला सूट असेल, तर हा प्रयोग टाळावा.

काय टाळावे?

• थर्माकोल: स्प्रे पेंट आणि रबराच्या प्रकारातला गोंद लावल्यास थर्माकोल विरघळतो. तापलेल्या तारेने कापताना घातक धूर निघतो. तो पटकन पेटही घेतो. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीही आहे. पुठ्ठा त्याची जागा पुरेपूर घेतो.

• झटपट चिकटणारा गोंद: फेव्हिक्विकसारखा गोंद सुती कापडावर सांडला, तर रासायनिक क्रियेने ते एकदम तापते आणि त्वचा भाजू शकते. अंगावर घातलेल्या कपड्याला तो कधीही लावू नये.

• प्लॅस्टिकचे पूर्ण आवरण: मल्चिंग पेपर चंदेरी दिसतो म्हणून सगळा सूट त्याचा करू नये. घाम बाहेर पडत नाही आणि मुलाला उन्हात त्रास होऊ शकतो. हाताच्या आणि पायाच्या पट्ट्यांपुरताच तो वापरावा.

• डोक्यावरची पिशवी किंवा बंद बरणी: पारदर्शक पिशवी, पाण्याचा जार किंवा कोणतीही बंद वस्तू डोक्यावर घालू नये. श्वास कोंडण्याचा धोका असतो.

• वापरातले सेफ्टी हेल्मेट: कामावरच्या हेल्मेटला भोके पाडू किंवा रंग देऊ नये. त्याची मजबुती कमी होते आणि नंतर कामावर ते जीव वाचवू शकत नाही.

पाच दिवसांचे वेळापत्रक

पहिल्या दिवशी मापे, खळ आणि हेल्मेटचे पहिले दोन थर. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन थर आणि सूटचे टाके. तिसऱ्या दिवशी शेवटचे दोन थर आणि पेट्या. चौथ्या दिवशी हेल्मेट कापणे, रंग, नळ्या आणि बिल्ला. पाचव्या दिवशी फक्त चाचणी. हवा दमट असेल, तर वाळण्यासाठी एक-दोन दिवस जादा धरावेत.

चाचणीच्या दिवशी मुलाने पूर्ण पोशाख घालून १५ मिनिटे घरात वावरावे, जिना चढावा-उतरावा, खुर्चीत बसावे आणि आपले वाक्य मोठ्याने म्हणावे. कुठे टोचते, काय घसरते, उकडते का, हे तेव्हाच कळते. शौचाला जाताना पोशाख एकट्याने काढता येतो का, हेही पाहावे. सगळा पोशाख मोठ्यांना अर्ध्या मिनिटात उतरवता आला पाहिजे.

मंचावर काय बोलावे?

वेशभूषा स्पर्धेत मुलांना साधारण एखादा मिनिट मिळतो. तेवढ्यात पाठांतराचा लांब उतारा म्हणण्यापेक्षा पोशाखातल्या तीन वस्तू दाखवून त्यांची कामे सांगावीत. माझा सूट नारिंगी का आहे, पेटीवरची अक्षरे उलटी का आहेत आणि हातातल्या डब्यात काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाला स्वतःच्या शब्दांत देता आली, तर तेवढे पुरते. परीक्षकाने मध्येच काही विचारले, तरी ते गडबडत नाही, कारण त्या वस्तू त्याने स्वतः केलेल्या असतात.

म्हणूनच या कामात मुलाचा हात लागणे महत्त्वाचे. कात्री, सुई आणि गरम खळ मोठ्यांनी सांभाळावी. कागद फाडणे, थर लावणे, बटणांची जागा ठरवणे, अक्षरे उलटी गिरवणे आणि बिल्ल्याचे चित्र काढणे मुलाने करावे. हेल्मेटला एखादी सुरकुती राहिली, तरी बिघडत नाही.

कार्यक्रम संपल्यावर बॉयलर सूटचे टाके उसवावेत, पट्टे दप्तराला परत लावावेत, बॅटरीचे सेल काढून ठेवावेत. हेल्मेट कोरड्या जागी ठेवले, तर पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला रंग बदलून वापरता येते.